मोठ्या कुटुंबाची सहल : तीन खाती आणि एक न लिहिलेलं खातं



मे महिन्याची सुट्टी जवळ आली की बहुतेक घरांत एकच हिशेब सुरू होतो. दोन भाऊ, त्यांच्या बायका-मुलं, आजी-आजोबा, माहेरपणाला आलेली नणंद आणि तिची मुलं, अशी सहज चौदा-सोळा माणसं भरतात. कुणीतरी मोबाईलवर हॉटेलचे दर बघतं, सोळा माणसांचा आकडा मोठ्याने वाचतं आणि बैठकीत शांतता पसरते. शेवटी ठरतं की ज्याने त्याने आपापल्या सोयीने जाऊन यावं. घर एक, सहली तीन, आणि आजी-आजोबा कुठल्याच सहलीत नाहीत.

आपल्या आधीच्या पिढ्या तर याहून जास्त माणसं घेऊन, याहून कमी पैशांत, याहून लांब जाऊन यायच्या. हे कसं जमायचं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "तेव्हा स्वस्ताई होती." मी कॉमर्सची पदवीधर असल्यामुळे या उत्तराने माझं समाधान होत नाही. भाव कमी होते तसे पगारही कमी होते. खरं कारण वेगळं आहे आणि ते इतिहासात शोधावं लागतं. खर्च कसा मोजला जायचा आणि तो कोण भरायचं, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की आपलं आजचं कोडंही बरंचसं सुटतं.

सहा नियम आणि तीन खाती

प्रवासाचा खर्च तीनच खात्यांत पडतो : जाण्या-येण्याचं भाडं, मुक्काम आणि जेवण. बाकी सगळं किरकोळ. ही तीन खाती डोळ्यांसमोर ठेवून आपल्या जुन्या यात्रासंघाकडे बघा.

श्वेतांबर परंपरेत पायी निघणाऱ्या संघाला 'छ'री' पाळणारा संघ म्हणतात, कारण त्यातल्या सहा नियमांच्या नावांचा शेवट 'री'ने होतो. पादचारी म्हणजे पायी चालणारा, भूमिसंथारी म्हणजे जमिनीवर झोपणारा आणि एकाहारी म्हणजे दिवसातून एकदाच जेवणारा. उरलेले तीन नियम ब्रह्मचर्य, सचित्तत्याग आणि सम्यक्त्व यांचे. नियम संयमासाठी आहेत, काटकसरीसाठी नाहीत, हे खरंच. पण पहिल्या तिघांकडे पुन्हा एकदा बघा. पायी चाललं की भाडं नाही, जमिनीवर झोपलं की मुक्कामाचा खर्च नाही, एकदाच जेवलं की शिधा अर्धा. तिन्ही खाती आपोआप आवळली गेली. शेकडो माणसांचा संघ महिनोन्‌महिने चालू शकायचा, त्यात या संयमाचाही मोठा वाटा होता.

तरीही जो खर्च उरायचा तो संघपती करायचा. धोळक्याच्या वाघेला राजांचा मंत्री वस्तुपाल याने तेराव्या शतकात शत्रुंजय आणि गिरनारला मोठे संघ नेले. अबूच्या देलवाड्यातलं १२३१ सालचं लूणवसही मंदिर बांधणारे ते हेच वस्तुपाल आणि तेजपाल बंधू. संघपती होणं हा एवढा मोठा मान होता की 'संघवी' हे आडनावच त्यातून आलं. यात्रेकरूला यात्रा स्वस्त पडायची, कारण एक जण ती स्वतःच्या खात्यात घ्यायचा.

पण हे चित्र फार गोड करून सांगायला नको. बनारसीदास या जैन कवीने १६४१ साली 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र लिहिलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हीरानंद मुकीम या जवाहिऱ्याने सम्मेद शिखरजीला संघ नेला, त्यात कवीचे वडील खरगसेन गेले होते. त्या यात्रेत कितीतरी लोक आजारी पडले, काही दगावले आणि खरगसेन स्वतः दुखणं घेऊनच घरी परतले. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर गोडसे भटजींचं. १८५७ साली वरसईहून ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके त्या वर्षीच्या धुमाळीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' वाचताना जाणवतं की निघाले ते पुरुष, बायकामुलं घरीच वाट बघत राहिली. रस्ते असे असताना अख्खं घर घेऊन निघणं हा विचारच फार थोड्यांना परवडणारा होता.

माणशी की एकरकमी?

आता एक छोटी गोष्ट, जी मला व्यापारी दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. यात्रेकरूंवर कर बसवायची पद्धत जुनी आहे. अकबराने १५६३ साली हिंदुस्थानातला यात्राकर माफ केला, पण पुढे ठिकठिकाणी संस्थानिकांनी तसे कर पुन्हा घेतले. पालिताण्याला शत्रुंजयच्या यात्रेकरूंवर कर होता. माणशी कर म्हणजे जेवढी डोकी तेवढे पैसे. एकट्या माणसाला तो जाणवत नाही, पण दहा माणसांचं घर घेऊन येणाऱ्याला दहापट बसतो.

१८८६ साली पालिताणा संस्थान आणि आणंदजी कल्याणजी पेढी यांच्यात करार झाला. वर्षाला १५,००० रुपये ठोक, चाळीस वर्षांसाठी. हा करार १९२६ साली संपला तेव्हा रकमेवरून वाद झाला आणि जैन समाजाने यात्राच बंद ठेवली. दोन वर्षं लोक पालिताण्याला गेले नाहीत. शेवटी १९२८ साली व्हाईसरॉय आयर्विन यांच्या मध्यस्थीने वर्षाला ६०,००० रुपये, पस्तीस वर्षांसाठी, असा तोडगा निघाला.

रक्कम चौपट झाली, पण ठोकच राहिली, हे लक्षात घ्या. ठोक रक्कम पेढीने भरली की गरिबाच्या दहा माणसांनी यात्रा केली काय आणि बाराने केली काय, खर्चात फरक पडत नाही. खर्च माणशी न ठेवता एकरकमी करणं हेच मोठ्या कुटुंबाच्या स्वस्त प्रवासाचं मर्म आहे. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याच्या आधाराने वाचता येतो.

आगगाडी आली

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचं अंतर सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन पहिली गाडी धावली. पुढच्या काही दशकांत महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. खरगसेनांसारखं वर्ष-वर्ष घराबाहेर राहणं संपलं आणि बायका, मुलं, म्हातारी माणसं यांना बरोबर नेता येऊ लागलं. कुटुंबाची सहल खऱ्या अर्थाने रेल्वेनेच शक्य केली.

आगगाडीचा घाऊक उपयोग कसा करायचा, हे विलायतेत त्याआधीच एकाने दाखवलं होतं. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या गृहस्थाने दारूबंदीच्या सभेसाठी लेस्टर ते लफबरो अशी गाडी ठरवली आणि सुमारे ५०० माणसांना माणशी एक शिलिंगात नेऊन आणलं. रेल्वेकडून घाऊक घ्यायचं आणि किरकोळीत सगळ्यांना स्वस्त द्यायचं. आपल्या वाण्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती, पण प्रवासात ते वापरता येतं हे जगाला तेव्हा कळलं.

आपल्याकडे मोठ्या कुटुंबाचा आधार होता तिसरा वर्ग. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर एक पुस्तिकाच लिहिली. गर्दी, घाण, बसायला जागा नाही, हे सगळं त्यात आहे. त्यांनी हिशेबही मांडला आहे : मुंबई-मद्रास प्रवासाचं पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्या वर्गाच्या पाचपटीहून जास्त होतं, पण तिसऱ्या वर्गाच्या उतारूला त्या प्रमाणात सोयी अजिबात मिळत नव्हत्या. म्हणजे भाड्याच्या खात्यातली बचत आपल्या आजी-आजोबांनी अंग आखडून भरली. पुढे १९७४ साली तिसरा वर्ग बंद झाला आणि दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर गाद्या १९७७ नंतर मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना आल्या.

धर्मशाळेचं गणित

भाडं रेल्वेने सोडवलं. मुक्काम आणि जेवण सोडवलं ते धर्मशाळा आणि भोजनशाळांनी. मुंबईत सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा सेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१–१९१४) यांनी वडिलांच्या नावाने बांधली. याच माणिकचंदजींच्या पुढाकाराने १९०२ साली दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी सुरू झाली. रेल्वेने येणाऱ्या कुटुंबांना पाठ टेकायला जागा हवी, हे त्या पिढीच्या व्यापाऱ्यांनी ओळखलं होतं.

धर्मशाळेचा हिशेब हॉटेलच्या नेमका उलट असतो. हॉटेलची खोली दोघांची. तिसरं माणूस आलं की जादा गादी, जादा पैसे, आणि चौथ्याला दुसरी खोली. धर्मशाळेत खोलीचं भाडं खोलीचं असतं. गाद्या मोजून घ्या, भांडी अनामत ठेवून घ्या आणि मावतील तेवढी माणसं झोपा. कितीतरी ठिकाणी एकट्या-दुकट्याला खोली द्यायला कुरकुर होते, पण लेकुरवाळं कुटुंब दिसलं की मुनीमजी आपणहून किल्ली पुढे करतात.

भोजनशाळेची 'कायम तिथी'ही अशीच. एखादं कुटुंब ठरावीक रक्कम एकदाच देतं. ती ठेव म्हणून राहते आणि तिच्या व्याजातून दर वर्षी त्या तिथीला जेवणाचा खर्च निघतो. आपल्या ताटात पडलेला वरण-भात कुणा आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी भरून ठेवलेल्या पैशांचा असतो. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या म्हणजे एका अर्थाने जमेची बाजूच आहे.

सरकारी खातं

स्वातंत्र्यानंतर यात सरकार आलं. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षभर सलग नोकरी केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळाली. त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. १९५६ साली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी प्रवास सवलत, म्हणजे आपली एल.टी.सी., आली. आपल्यातली कितीतरी घरं सम्मेद शिखरजी पहिल्यांदा पाहून आली ती एल.टी.सी.च्या जोरावर. मात्र ही सवलत भाड्यापुरतीच, मुक्काम आणि जेवण आपलं आपण. शिवाय सरकारचं कुटुंब कोण, हेही सरकारच ठरवणार. १ ऑक्टोबर १९९८ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी ही सवलत दोन अपत्यांपुरती झाली. कागदावरचं कुटुंब लहान होत गेलं.

पुढे मराठी सहल कंपन्या निघाल्या. केसरी १९८४ सालची. बरोबर आचारी, गावोगावी घरच्यासारखं जेवण, ही त्यांची मोठी देणगी. पण दर पुन्हा माणशी झाला. चौकोनी कुटुंबाला ते सोपं गेलं, सोळा माणसांच्या घराला नाही.

न लिहिलेलं खातं

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. १९८१ साली श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून मोठा महामस्तकाभिषेक झाला. तेव्हा मी नवी सून होते. आमचं आणि शेजारची दोन घरं मिळून सोलापूरहून एक बस ठरवली होती. एकट्या आमच्या घरची एकोणीस माणसं. मामंजींनी वही घातली होती आणि ती अजून माझ्या कपाटात आहे. मोटारभाडं, मुक्काम, शिधासामान अशी तीन पानं, पैशापैशाचा हिशेब आणि शेवटी माणशी खर्च. तो आकडा आज वाचला तरी थक्क व्हायला होतं.

त्या वहीत नसलेलं सांगते. सूर्यास्ताआधी सगळ्यांचं जेवण उरकायचं, पाणी गाळून-उकळून घ्यायचं, मग दुपारी दर्शनाला जायला मोकळं व्हायचं तर पहाटे चारला रॉकेलचा स्टोव्ह पेटलाच पाहिजे. सासूबाई, दोन्ही जाऊबाई आणि मी. निघायच्या आधी चार दिवस दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगांची चटणी, लाडू, चिवडा. पोचल्यावर खिचडी, भाजी आणि भांड्यांचा ढीग. मोठ्या जाऊबाई विंध्यगिरीच्या पायथ्याशी सामान आणि लहान मुलं सांभाळत बसल्या आणि वर जाऊन आलेल्यांकडून अभिषेकाचं वर्णन ऐकलं. कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नव्हती. कुणीतरी थांबायला हवं होतं आणि त्या थांबल्या, इतकंच.

संघाचा खर्च संघपतीच्या नावावर लिहिला गेला, धर्मशाळेचा दात्याच्या पाटीवर, रेल्वेची सवलत सरकारच्या अंदाजपत्रकात. घरातल्या बाईच्या श्रमाला मात्र खातंच नव्हतं, म्हणून ती सहल स्वस्त दिसली. स्वस्त सहलीचे पैसे कुणी ना कुणी भरलेलेच असतात. ते कोण भरतंय हे नीट बघून मगच सहल ठरवावी, एवढं इतिहासातून मी शिकले.

मग आज काय करायचं?

एक साधा हिशेब मांडते. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या वेळचे भाव घालून बघा. सोळा माणसं. हॉटेलची दोघांची खोली २,५०० रुपये धरली तर आठ खोल्या, एका रात्रीचे २०,०००. धर्मशाळेची चौघांची खोली ८०० धरली तर चार खोल्या, ३,२००. आता गाडी. सतरा आसनी गाडीचे दिवसाचे ३०० किलोमीटर, दर ३२ रुपये, म्हणजे ९,६००. सोळा माणसांत माणशी ६००, आठच गेलात तर माणशी १,२००. म्हणजे हॉटेलात मोठं कुटुंब हा तोटा, आणि पूर्ण भरलेल्या गाडीत तोच फायदा.

तेव्हा जिथे जमेल तिथे खर्च माणशीकडून ठोकीकडे न्या. अख्खी गाडी, अख्खा हॉल, गावाकडे कुणाचं बंद असलेलं घर. जिथे तिकीट माणशीच आहे तिथे सवलती नीट वाचा. एस.टी.त ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. घरात बायका आणि ज्येष्ठ जास्त असतील तर खासगी गाडीपेक्षा साधी एस.टी. कितीतरी स्वस्त पडते. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं, तेव्हा मुलांचे बर्थ आधीच ठरवा. एका आरक्षणाच्या अर्जावर सहाच नावं बसतात. प्रत्येक अर्जात एक जाणतं माणूस आणि एक धडधाकट माणूस ठेवा, म्हणजे डबे वेगळे आले तरी आजी एकट्या पडणार नाहीत. चार तीर्थं करून परत यायचं असेल तर रेल्वेच्या चक्री तिकिटाची चौकशी जरूर करा.

धर्मशाळा म्हणजे स्वस्त हॉटेल नव्हे, हेही मुलांना सांगून ठेवा. तिथे यात्रेकरू म्हणून जायचं, कंदमूळ आणि रात्रीभोजनाचे नियम पाळायचे, खोली झाडून किल्ली द्यायची आणि निघताना ऐपतीप्रमाणे भोजनशाळेत काही जमा करायचं. आपण कुणाच्या तरी तिथीवर जेवलो, आता कुणीतरी आपल्या तिथीवर जेवू दे.

आणि चौथं खातं उघडा. सहलीची वही घालाल तेव्हा भाडं, मुक्काम, जेवण यांच्या पुढे एक पान 'काम' म्हणून ठेवा. कोण कधी स्वयंपाक करणार, कोण मुलं सांभाळणार, कोण सामानापाशी थांबणार, हे नावानिशी लिहा, आणि त्यात पुरुषांची आणि मोठ्या नातवंडांची नावंही येऊ द्या. एक वेळ तरी जेवण भोजनशाळेत ठेवा. ते पाच-दहा टक्के जादा लागले तर लागू देत. आमच्या घरी आता असंच करतो. मागच्या वर्षी कुंथलगिरीला सामानापाशी माझा मुलगा थांबला आणि ऐंशी वर्षांच्या मोठ्या जाऊबाई नातवाच्या हाताला धरून वर दर्शन करून आल्या. खर्च थोडा वाढला. तो आम्ही वहीत लिहिला.